सॉफ्टवेअर राहू दे, आधी डिफॉल्ट वाच

अगं, तुझा मेल वाचला. टाइम सिरीजसाठी, म्हणजे काळानुसार नोंदलेल्या आकड्यांसाठी, आर शिकू, पायथन शिकू की स्टाटा-सॅस, प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि डोकं भणाणलंय म्हणतेस. भणाणणारच, त्या तुलनेच्या तक्त्यांत कुठलं फास्ट, कुठलं फुकट, कुणाचे ग्राफ देखणे एवढंच असतं, तुझं उत्तर ज्याने बदलतं ते डिफॉल्ट, म्हणजे तू काही न सांगता सॉफ्टवेअर आपणहून जे धरतं ते, कुणी लिहीतच नाही.

आर आणि पायथन, दोन ठिकाणी एडीएफ टेस्टची (आकड्यांची मालिका स्टेशनरी आहे का, म्हणजे तिचं वागणं काळानुसार बदलत नाही ना, ते तपासणारी) उत्तरं उलटी आली म्हणजे एकात बग असणार म्हणे! बग नाहीये बाई. विमान प्रवाशांचा तो जुना डेटा घे, 1949 ते 1960, 144 महिने. आरच्या टीसिरीज पॅकेजमध्ये पी-व्हॅल्यू (छोटी आली की मालिका स्टेशनरी धरायची) 0.01 येते, म्हणजे स्टेशनरी, आणि पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये तीच 0.99, म्हणजे स्टेशनरी म्हणता येत नाही! आर न विचारता ट्रेंड (काळाबरोबरची सरळ वाढ-घट) धरतं आणि 5 लॅग (मागच्या तितक्या महिन्यांतले बदल) घेतं, पायथन फक्त कॉन्स्टंट (एक स्थिर आकडा) धरतं आणि एआयसी (मॉडेल निवडायचा निकष) लावून 13 लॅगवर थांबतं. प्रश्नच वेगळे विचारलेस, उत्तर एक कसं येईल? (आणि ग्राफ काढला असतास तर दरवर्षी सीझनचा चढउतार वाढत जातोय हे नुसतं दिसलं असतं, पण ते जाऊ दे.)

अरिमातही (मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणारं मॉडेल) तेच. सॅस आपणहून कंडिशनल लीस्ट स्क्वेअर्स लावतं, आर शेवटी मॅक्सिमम लाइकलिहूडवर जातं, कोइफिशंट काढायच्या ह्या दोन वेगळ्या पद्धती. एमएच्या (मागच्या चुकांचा परिणाम धरणाऱ्या भागाच्या) कोइफिशंटचं प्लस-मायनस चिन्ह दोघांत उलटं असतं, आणि आर ज्याला इंटरसेप्ट म्हणतं तो खरं तर मीन, म्हणजे मालिकेची सरासरी असतो. डिफॉल्ट वाच, डिफॉल्ट वाच, किती वेळा सांगू?

मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, कुठलं भारी ह्या वादात चांगली वर्षं गेली, त्याची चुटपुट अजून आहे. आता मी मॅन्युअल उघडून बसतो म्हणून ऑफिसात हसतात, हसू देत, रिपोर्टवर कुणी बोट ठेवलं की आकडा कुठून आला ते मी तिथल्या तिथे सांगतो आणि हसणारे जुन्या फायली उपसत बसतात. हट्टी म्हण हवं तर.

तुला आर येतंय ना थोडंफार, मग तेच धर. तुझ्या डेटावर दोन्हीकडे लॅग स्वतःच्या हाताने सारखे लिही, पायथनमध्ये ट्रेंडही घाल, टेस्ट परत चालव, टेस्टचं स्टॅटिस्टिक (पी-व्हॅल्यू ज्यावरून निघते तो आकडा) जुळलं की मला पाठव. तोवर तिसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव काढायचं नाही.