विमानाचा आवाज: एनओसीत नेमके काय लिहिलेले असते?

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या आवाजाबद्दल दर महिन्याला पत्रे येतात आणि निम्म्याहून अधिक पत्रांत तोच तो गोंधळ असतो. म्हणून या वेळी साचलेले प्रश्न एकत्र घेते. एक गोष्ट आधीच सांगते: लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवरून येतात-जातात आणि त्यांचे नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे.

प्रश्न: रात्री 10 ते सकाळी 6 विमान उडवायला सुप्रीम कोर्टाची बंदी आहे ना? आमच्या ग्रुपवर निकाल आला होता. (विश्रांतवाडी)

नाही. ती बंदी ध्वनिवर्धकांना आहे. 2020-21 मध्ये लोहगावला वर्षभर रात्री शांतता होती, ती धावपट्टीच्या कामामुळे. काम संपले, विमाने परत आली. जर्मनीत फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणे बंद असतात, आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.

प्रश्न: पावसाळा आला की विमाने आमच्याच डोक्यावरून जातात, थंडीत तेवढी नाही. मार्ग बदलतात का? (वाघोली)

वारा बदलतो. विमान उतरते वाऱ्याला तोंड देऊन आणि उडतेही तसेच. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणून विमाने पूर्वेकडून, तुमच्या बाजूने उतरतात आणि कळस-विश्रांतवाडीच्या दिशेने उडतात. वारा फिरला की हेच उलटे होते. म्हणून वाघोलीत घर बघायचे तर जुलैत बघा, असे मी ओळखीच्यांना सांगते.

प्रश्न: वैमानिक इंधन वाचवायला मुद्दाम खालून विमान आणतात, हे खरे का?

खोटे. उतरणीचा नेहमीचा कोन 3 अंशांचा असतो. त्या हिशेबाने धावपट्टीच्या टोकापासून 5 किलोमीटरवर विमान साधारण 275 मीटर उंचीवर येणारच. तुमची इमारत टेकडीवर असेल तर ते आणखी जवळ वाटेल.

प्रश्न: मोबाइलच्या अ‍ॅपवर विमान जाताना 85 डेसिबल दिसतात. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आहे. पोलिसांत तक्रार केली तर गुन्हा नोंदवतील का? (धानोरी)

पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. अ‍ॅपचा आकडा तर कोणीच धरणार नाही, कारण फोनच्या माइकचे प्रमाणीकरण झालेले नसते.

आकडा खरा मानला तरी तुलना चुकते. 55 दिवसा आणि 45 रात्री ही 2000 सालच्या नियमांतली निवासी भागाची मर्यादा. विमानतळांसाठी 2018 मध्ये वेगळी मानके निघाली. वर्षाला 50,000 हून अधिक उड्डाण-उतरणी, म्हणजे रोजच्या साधारण 137, असतील तर दिवसा 70 आणि रात्री 65. त्याहून कमी असतील तर 65 आणि 60. आणि हे आकडे सरासरीचे आहेत, एका विमानाच्या आवाजाचे नव्हेत.

हे हाताने मांडून बघा. एक विमान 30 सेकंद 85 डेसिबलचा आवाज करून गेले आणि बाकी वेळ शांतता होती, असे धरा. दिवसाच्या 16 तासांवर पसरला की तो आवाज सरासरीत 52 डेसिबल भरतो. अशी 20 विमाने गेली तर 65. रात्रीच्या 8 तासांत 10 विमाने गेली तरीही 65. म्हणजे रात्रीतून दहा वेळा झोपमोड झाली, तरी कागदावर गर्दीचा विमानतळ जेमतेम मर्यादेला टेकतो. मला हे मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या युरोपीय मार्गदर्शिकेत विमानांच्या आवाजासाठी रात्रीची सरासरी 40 च्या खाली ठेवा असे म्हटले आहे. पण आज तक्रार करायची तर आपल्या मानकांच्या भाषेतच करावी लागेल.

म्हणून दोन आठवडे वही ठेवा: तारीख, वेळ, दिशा, विमान प्रवासी की लढाऊ. मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून दिवसरात्र मोजणी करून घ्या आणि विमानतळ संचालकांना लेखी द्या. हरित न्यायाधिकरणात जायचा विचार असेल तर वकिलाला याच आठवड्यात भेटा. तिथे वाद नेण्याची मुदत कारण प्रथम घडल्यापासून 6 महिने, वर फार तर 60 दिवस. पुण्यातच खंडपीठ असताना लोक तीन तीन वर्षे फक्त सोसायटीच्या सभेत ठराव करत बसतात, याचे वाईट वाटते.

प्रश्न: लढाऊ विमानांना कोणती मर्यादा?

वरची मानके त्यांना लागू नाहीत. याबाबत पुढे काही करायचे असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न: उड्डाणाची पद्धत बदलून आवाज कमी करता येतो असे वाचले. मग लोहगावला का करत नाहीत? (कळस)

आंतरराष्ट्रीय नियमांत उड्डाणाच्या दोन पद्धती दिल्या आहेत, एनएडीपी-1 आणि एनएडीपी-2. दोन्हींत 800 फुटांच्या खाली इंजिनाचा जोर कमी करायचा नसतो. पहिलीत विमान 3000 फुटांपर्यंत वेग फारसा न वाढवता चढत राहते, त्याने धावपट्टीजवळच्या वस्तीला आराम मिळतो. दुसरीत आधी वेग घेऊन पंखांच्या झडपा मिटतात, त्याचा फायदा लांबच्या वस्तीला. म्हणजे आवाजाचा मोठा भाग इकडून तिकडे सरकतो. कळसला हलके वाटले तर पुढच्या कुणाला तरी ते जड जाते, आणि ही निवड कोणाच्या बाजूने झाली हे आपल्याला कोणी विचारत नाही.

बाकीचे उपायही आहेत. उतरताना टप्प्याटप्प्याने न थांबता सलग खाली येणे, उभ्या विमानाचे शेपटातले छोटे इंजिन बंद ठेवून जमिनीवरची वीज वापरणे, रात्री इंजिनांची चाचणी न घेणे. पहिल्याचा उपयोग लांबच्या गावांना होतो, कारण शेवटच्या टप्प्यात सगळी विमाने त्याच उतारावर असतात. दुसऱ्या-तिसऱ्याचा उपयोग टर्मिनलजवळच्या सोसायट्यांना. धावपट्टी एकच, त्यात लष्करी वाहतूक, त्यामुळे दिशा निवडायला फारसा वाव नाही. मागणी करताना नेमका कोणता उपाय हवा ते लिहा. 'आवाज कमी करा' एवढ्या अर्जाला उत्तरही तेवढेच मोघम येते.

प्रश्न: बुकिंग करतोय. बिल्डर म्हणतो, 'हवाई दलाची एनओसी आहे, म्हणजे आवाज मर्यादेत आहे.' टोकन देऊ का? (धानोरी)

थांबा, अजून काही देऊ नका.

हाच प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. ती एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, इमारतीच्या उंचीची असते. लोहगावसारख्या तळाभोवती हवाई दल आणि नागरी विमानतळांभोवती विमानतळ प्राधिकरण एवढेच तपासते, की इमारत, तिच्यावरची टाकी, लिफ्टची खोली आणि अँटेना धरून, विमानाच्या वाटेत येत नाही ना. कागदावर जागेचे अक्षांश-रेखांश असतात आणि समुद्रसपाटीपासून किती मीटरपर्यंत बांधता येईल ते असते. डेसिबल हा शब्द त्यात शोधून सापडत नाही. उलट, कागदावर बांधायला दिलेली उंची कमी असेल तर विमान तुमच्या गच्चीच्या जवळून जाणार, हेच त्यातून समजायचे. आणि हाच कागद दाखवून शांतता विकली जाते.

एका गृहप्रकल्पात ओळखीच्या कुटुंबाबरोबर मी सॅम्पल फ्लॅट पाहायला गेले होते. वेळ त्यांनीच दिली. आत एसी, गाणी, बंद खिडक्या. बाल्कनीचे दार उघडा म्हटले तर 'किल्ली ऑफिसात आहे' असे उत्तर आले. आम्ही खाली फाटकाशी चहा घेत तासभर थांबलो, तेवढ्यात चार विमाने गेली. तिसऱ्याला त्या घरातल्या आजींनी कानांवर हात ठेवले. बुकिंग झाले नाही. पण त्याच आठवड्यात इतर कितीजणांनी केले असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

इमारत उभी राहिली की मार्ग वळत नाही, वारा वळत नाही आणि मानकांत बसणाऱ्या विमानतळाला कोणी काही करायला भाग पाडू शकत नाही. आवाजाचे भांडण जिंकायची खरी वेळ बुकिंगच्या आधीची असते. त्यामुळे त्या जागी तीन वेळा जा: एकदा पहाटे, एकदा रात्री दहानंतर, एकदा लढाऊ विमानांचा सराव असेल अशा कामाच्या दिवशी. बिल्डरकडे आवाजाच्या मोजणीचा अहवाल लेखी मागा. एनओसीची प्रत वकिलाकडून वाचून घ्या आणि 40-50 लाख घालणार असाल तर ध्वनी सल्लागाराकडून एक दिवसाची मोजणी करून घ्या. पुरंदरच्या नियोजित विमानतळाजवळ प्लॉट घेऊ पाहणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. तिथे तर विमानाची वाट अजून मोकळी आहे, ती घरांनी भरण्याआधी नगररचनेत तिथे काय येऊ द्यायचे ते ठरायला हवे.

प्रश्न: 'साउंडप्रूफ' दुहेरी काच लावली तर 40 डेसिबल कमी होतील अशी हमी मिळाली आहे.

हमी काचेची आहे की तुमच्या खोलीची, ते विचारा. प्रयोगशाळेतला आकडा भिंतीत बसवलेल्या खिडकीत टिकत नाही. उष्णतेसाठीच्या दुहेरी काचेत पोकळी 12 मिलिमीटरच्या आसपास असते. विमानाच्या खर्जातल्या घरघरीला अडवायचे तर 100 मिलिमीटरच्या आसपास पोकळी, किंवा वेगवेगळ्या जाडीच्या लॅमिनेटेड काचा आणि घट्ट रबरी पट्ट्या लागतात. बाथरूमचा एक्झॉस्ट आणि सरकत्या खिडकीची फट तशीच राहिली तर पैसे वाया गेले समजा. आधी एकाच खोलीत लावा, बसवण्याआधी आणि नंतर मोजा, मग बाकीच्या खोल्यांचा विचार करा.

प्रश्न: आईला रात्री विमानांमुळे जाग येते, रक्तदाब वाढला आहे. तिची खोली कोणत्या बाजूला न्यावी?

धावपट्टीकडे तोंड नसलेल्या बाजूला. पण खोली बदलण्याआधी आईंना डॉक्टरांकडे न्या, आणि रात्री किती वेळा जाग येते ते लिहून सोबत न्या.