दोन दिपकाड्या, दोन जाती: मधला कडा काय करतो?

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पहिल्या पावसात फुलणारी दिपकाडी ही कंदाची छोटी वनस्पती आणि पाचगणीच्या टेबललँडवरची दिपकाडी, दोघी जांभ्यावरच (लालसर, सच्छिद्र दगडावर) वाढतात, मग जाती वेगळ्या कशा, असं तुम्ही विचारलंय. जरा सविस्तर लिहितो.

आपला सडा समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटरच्या आत, पाचगणी बाराशे-तेराशे मीटरवर. मध्ये भातखाचरं, खोरी, झाडीचे उतार आणि उभा कडा. पातळ मातीत, उघड्यावर वाढणाऱ्या कंदाला या पट्ट्यात थाराच नाही. त्यामुळे प्रत्येक सडा हे एक बेटच झालं.

अशी ताटातूट दोन तऱ्हांनी होते. कधी पठाराचा सलग पसारा नद्या कापत नेतात आणि तुकडे मागे उरतात. सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कापायला वेळ भरपूर मिळाला. कधी मूठभर बिया भलतीकडे पोचतात आणि तिथली सगळी प्रजा तेवढ्यातूनच वाढते. मूठ लहान असली की काही गुण निव्वळ योगायोगाने टिकतात, काही कायमचे गळतात. पुढे तिथला पाऊस, धुकं, ऊन आपापली निवड करत राहतात.

पण नुसतं दूर राहून जात पक्की होत नाही. पुन्हा शेजारी आल्यावरही संकर टळला, की ती पक्की झाली म्हणायचं. यासाठी कंदीलपुष्पं (सेरोपेजिया) बघावीत. त्यांची बी रेशमी झुपक्यावर तरंगत वाऱ्याने जाते, तरीही सह्याद्रीत अगदी मोजक्या डोंगरांपुरत्या जाती आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरची एक तर 2006 मध्ये नव्याने नोंदली गेली. गळून पडलेलं फूल उभं उघडलंत तर नळीत खाली वळलेले केस दिसतील. चिलटाएवढी माशी आत शिरते, केसांमुळे अडकते आणि ते कोमेजले की परागपिंड (परागांची घट्ट गाठोडी) घेऊन सुटते. नळीची रुंदी किंवा वास थोडा बदलला तरी येणारी माशी बदलू शकते. मग हाताच्या अंतरावर फुललेल्या दोन जातींचेही पराग एकमेकींपर्यंत पोचत नाहीत.

वेळेनेही ताटातूट होते: दोघी एकाच वेळी फुलल्या नाहीत तर पराग जुळायचे कसे? कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, तिच्याच घराण्यातली निलगिरीची कुरिंजी बारा वर्षांनी.

मात्र दिसायला सारखी म्हणून सख्खी बहीण, असं धरून चालू नका. उघड्या कातळावर टिकायचं तर बुटकेपणा आणि कंद दोन्ही कामाला येतात, त्यामुळे दूरची नातीही जवळची वाटतात. तुमच्या दोघी सख्ख्या की चुलत, हे डीएनएवरून मांडलेल्या वंशवृक्षातूनच ठरवावं लागतं.

आणि कळकळीची विनंती: एका सड्यावरचा कंद उपटून दुसरीकडे लावू नका. चिरेखाणीपासून वाचवायचा असेल तरी आधी जाणकार वनस्पतितज्ज्ञाला विचारा. कोणती जात कुठे आपली आपण वाढली, हा पुरावा त्या हलवाहलवीत पुसला जातो. फोटो काढताना फुलाची नळी बाजूने आणि पानं बुडासकट घ्या. तारीख आणि उंची लिहून ठेवा.