२००६ ची सँट्रो चढाला मधेच मिसिंग करते, मेकॅनिककडे नेली की नीट चालते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की यवतेश्वरचा घाट चढताना गाडी मधनंमधनं झटके मारते (हेच मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे मधेच पेट्रोल पेटत नाही), पावसाळ्यात जास्त, साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा फिरवली तर काहीच नाही, प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झालं आणि आता मेकॅनिक म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. थांबा जरा. ईसीएमवर एक रुपया घालू नका अजून.

मी साताऱ्यातच ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, त्यामुळं असल्या गाड्या नेहमी येतात, आणि खरं सांगायचं तर अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच हाय. चढ आणि ओल. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय करंटवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीवर जातो, पेट्रोलवर नाही.

कारण असं, की चढाला वरच्या गियरमधे पाय दाबला की सिलिंडरमधे हवा-पेट्रोलचा माल जास्त भरतो, आतला दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या गॅपमधनं ठिणगी पाडायला कॉइलला (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा पार्ट) लई जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, हजारो व्होल्टमधे. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, एवढं लागत नाही, म्हणून कमजोर वायरसुद्धा गॅरेजच्या दारात निवांत चालते. पण वायरीचं रबर कडक होऊन चिरलेलं असेल तर चढाला तोच करंट प्लगच्या टोकाला जायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर इंजिनच्या बॉडीवर उडी मारतो, आणि पावसाची नाहीतर धुक्याची ओल असली की त्याला अजूनच सोपं. मेकॅनिक बॉनेट उघडून उभ्या गाडीला रेस देतो तेव्हा इंजिनवर लोडच नसतो, मग त्याला दिसणार काय? त्याचा दोष नाही, पण त्याला सोबत घेऊन घाटात ट्रायल मारा, आणि चढाला तिसऱ्या-चौथ्या गियरमधे, कमी आरपीएमवर, मुद्दाम पाय दाबून बघा.

कोणी तुम्हाला असंही सांगेल की कास पठाराकडं उंची वाढते, हवा विरळ होते म्हणून मिसिंग. कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडंफार पटलं असतं. तुमची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल मारणारी आहे, ती हवेचा दाब मोजून पेट्रोल कमीजास्त करते, ते डोक्यातनं काढून टाका.

आता तपासणी. सँट्रोत डिस्ट्रिब्युटर (जुन्या गाड्यांत फिरून एकेका प्लगला करंट वाटणारा पार्ट) नाही, एक कॉइल पॅक आणि त्यातनं निघालेल्या चार प्लग वायरी. पॅकच्या आत दोन कॉइल असतात, एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ ला. हे लक्षात ठेवा, कारण मिस मारणारा सिलिंडर एकटाच असेल तर आधी प्लग, वायर, इंजेक्टर बघायचं, आणि जोडीनं १-४ किंवा २-३ मिस मारत असतील तर कॉइल, नाहीतर त्या जोडीतली एखादी तुटकी वायर, कारण दोन्ही प्लगांमधनं करंट एकाच वाटेनं फिरतो.

सगळ्यात स्वस्त टेस्ट रात्रीची. अंधारात, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हाताने फुस्स करायच्या बाटलीनं प्लग वायरींवर आणि कॉइलवर बारीक पाण्याचा फवारा मारा, भिजवायचं नाही, फक्त दव पडल्यागत. कुठं निळसर ठिणगी नाचताना दिसली किंवा टकटक आवाज आला की चोर सापडला. हात आणि अंगावरचे कपडे वायरींपासून, पंख्यापासून लांब ठेवा, हा करंट चेष्टेचा नाही.

दिसलं नाही तर मल्टिमीटर घ्या. चारही वायरी काढून प्रत्येकीचा रेझिस्टन्स मोजा, साधारण काही किलो-ओहम येतो, लांब वायरीला जास्त, आखूड वायरीला कमी. एखादी बाकीच्यांच्या मानाने फारच वेगळी दाखवत असेल किंवा मोजताना वाकवली की आकडा पळायला लागला तर ती गेली. पण नीट आकडा आला म्हणून वायर चांगली असं समजू नका. मीटर आतली तार मोजतो, बाहेरचं फाटलेलं इन्सुलेशन नाही.

प्लग नवे टाकलेत म्हणता, तरी परत काढून बघा. पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथनं वरनं उतरलाय. आणि तीच खूण रबरी बूटच्या, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या वायरीच्या टोपीच्या, आतही असते, म्हणून नुसता प्लग बदलून उपयोग नाही, जुना बूट नवा प्लगही खराब करतो. मला वाटतं तुमच्या केसमधे बहुतेक हेच झालंय. प्लगचा गॅप फिलर गेजनं (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, सँट्रोला साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असतो, नवा प्लग डब्यातनं बरोबरच येतो असं नाही.

कुठला सिलिंडर हे शोधायला काही जण चालू इंजिनवर प्लग वायर उपसतात. नका करू. शॉक बसतो, कॉइल मरते, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (धूर साफ करणारा पार्ट) जाऊन त्याला तापवतं. त्याऐवजी मिसिंग चालू असताना एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. ज्याचा काढला तरी इंजिनला काही फरक पडत नाही तो आधीच मेलेला सिलिंडर. मग त्याची वायर नाहीतर प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग जागा बदलून गेलं तर पार्ट सापडला, तिथंच राहिलं तर कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

स्कॅनर लावून कोड नाही आला म्हणून घाबरू नका. आपल्याकडं ओबीडी (गाडीनं स्वतःच बिघाड ओळखून कोड नोंदवायची पद्धत) २०१० पासून आलं, तेही टप्प्याटप्प्यानं, तुमची गाडी त्याच्या आधीची, ती मिसफायरचा, म्हणजे मिसिंगचा, पी०३०१ सारखा कोड दाखवेलच असं नाही.

बाकी शक्यता पटकन सांगतो. आयडलला थरथरते आणि रेस दिली की गुळगुळीत होते असं असतं तर व्हॅक्यूमचा पाइप लीक. चढाला झटके न मारता हळूहळू दम सोडते असं असतं तर पेट्रोल कमी पडतंय, पंप बघा. एकदम सगळंच इंजिन बंद पडून परत सुरू होतं आणि त्या क्षणी टॅकोमीटरची सुई शून्यावर आपटते, तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीएमला सांगणारा), जास्त करून इंजिन तापल्यावर. फक्त थंडीत सकाळी आणि एकाच सिलिंडरला, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेटिंग करून आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरचा दाब) तपासून घ्या. गाडीला एलपीजी किट असेल आणि गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर नाही, तर परत करंटच, कारण गॅसला ठिणगी तगडी लागते.

आणि हो, पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात आपल्याकडच्या उसाचंही असेल, चांगलंच आहे, पण ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर त्याला फार सहन करत नाही. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, आणि मिसिंग नेमकं पेट्रोल भरल्यानंतरच येतं का एवढं बघून ठेवा.

ईसीएमचं म्हणाल तर तोही जातो, क्वचित. पण आधी त्याचं अर्थिंग आणि बॅटरीपासून इंजिनला येणारी जाड अर्थ वायर सोडून, घासून, परत घट्ट बसवायला सांगा, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशीही काढून घ्या. चारही प्लग वायरींचा सेट बदलून आणि हे अर्थिंग झाल्यावरही यवतेश्वरला तसंच झालं तर कॉइल पॅक दुसऱ्या चालू सँट्रोचा लावून एक ट्रायल मारा, आणि त्यानंतरही मेकॅनिक ईसीएमच म्हणत असेल तर त्याला विचारा की कुठल्या पिनवर सिग्नल येत नाही ते मोजून दाखव, मग पैसे देतो.