फिअख्रा म्हणजे कावळाच, पण...

काकू, ‘होणाऱ्या नातवाचं नाव आयरिश जावई फिअख्रा ठेवतोय, अर्थ कावळा निघाला, घरी रडारड’ हे तुमचं वाचलं आणि हसूच आलं. माझ्या मुलाचं नाव तेच. सासर गॉलवेचं, माहेर साताऱ्याचं. नाव कळल्यावर आई एवढंच म्हणाली, “पिंडाला शिवतो तो?” आणि फोन बाबांकडे दिला.

अर्थ खराय. आयरिशमध्ये ‘फिअख’ म्हणजे डोमकावळा. पण तिकडे या नावाने आठवतात ती जुन्या आयरिश दंतकथेतली लिरची मुलं. सावत्र आईने हंस केलेली चार भावंडं, ९०० वर्षं पाण्यावर काढलेली. त्यातला एक फिअख्रा. शिवाय याच नावाचा सातव्या शतकातला संत. आयर्लंड सोडून फ्रान्समध्ये मो गावाजवळ राहिला, बाग फुलवली, म्हणून माळ्यांचा संत. मूर्तीच्या हातात फावडं असतं. “तिकडचे सावतोबा समज,” म्हटल्यावर आई निवळली.

मला फटका बसला तो स्पेलिंगमधल्या सी-एचचा. तिथे ‘च’ नाही, घशातून काढलेला ‘ख’ आहे. बरेच जण सरळ ‘क’ म्हणतात. बाबांनी नातवाला छोटा फ्लॅट बक्षीसपत्राने दिला. विमानाची घाई होती, मराठी नाव मी टायपिस्टवर सोडलं आणि न वाचता सही ठोकली. त्याने पासपोर्ट बघून लिहिलं ‘फियाचारा’. भाईचाऱ्यातला चारा!

पुढे एका कार्यालयाने (कुठलं ते सांगत नाही, अजून काम अडकलंय) आधी प्रतिज्ञापत्र मागितलं, मग ते चालणार नाही म्हणाले. एक साहेब तर, “असं नाव असतं का हो?” शेवटी चूक दुरुस्ती दस्त. त्यावर देणाऱ्याचीही सही लागली. लिफ्ट बंद. ८१ वर्षांचे बाबा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर फाईल मांडीवर घेऊन बसले होते, आणि वर साहेब जेवायला गेलेले.

म्हणून, मी वकील नाही, पण माझं ऐका: नाव बदलायला लावू नका, देवनागरीत कसं लिहायचं ते आजच ठरवा. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक टायपिस्टसमोर ठेवा, सहीआधी अक्षर न् अक्षर वाचा. आयरिश जन्मदाखल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याकडून अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घेऊन ठेवा, इकडून धावपळ नको.

पाळण्यातलं नाव मात्र तुम्ही ठेवा, जावई अडवणार नाही. आमच्याकडे आईने ‘हंस’ ठेवलंय.