पाद्री गळ्याला पांढरी पट्टी लावतात, तिला काय म्हणतात? सगळ्यांची सारखीच असते का?

सर्वसाधारण नाव क्लेरिकल कॉलर, पण प्रकार एक नाही.

कॅथलिक फादरांच्या काळ्या किंवा राखाडी शर्टाच्या कॉलरमध्ये पुढे छोटी फट असते. तिच्यात सरकवलेली पांढरी पट्टी म्हणजे टॅब कॉलर. अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट धर्मगुरूंमध्ये मानेभोवती पूर्ण फिरणारी, मागे बटणाने अडकवायची कडक कॉलर जास्त दिसते. इंग्रजी बोलीत तिला ‘डॉग कॉलर’ म्हणतात, पण समोरच्या पाद्र्याला विचारताना तो शब्द टाळलेलाच बरा.

बहुतेकांना ही कॅथलिकांची जुनी प्रथा वाटते. प्रत्यक्षात सुटी, काढता-घालता येणारी कॉलर एकोणिसाव्या शतकातली आहे आणि तिचं श्रेय सहसा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) धर्मगुरू डोनाल्ड मॅक्लाउड यांना दिलं जातं. म्हणजे मूळ प्रोटेस्टंट!

गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या म्हणजे बँड्स. प्रेस्बिटेरियन आणि इतर प्रोटेस्टंट पाद्री त्या उपासनेच्या वेळी घालतात. आपल्या कोर्टात वकिलांच्या गळ्यात दिसतात त्या याच घराण्यातल्या.

मला सर्वांत सुंदर वाटते ती डेन्मार्कच्या लुथरन (हाही एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्र्यांची रफ कॉलर. काळ्या पायघोळ झग्यावर गळ्याभोवती खळ घातलेल्या, चुणीदार पांढऱ्या कापडाचं मोठं चाक. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले प्रतिष्ठित लोक रोज असंच घालायचे. बाकीच्यांनी ते सोडून दिलं, पण तिथल्या पाद्र्यांनी आजही जपलंय, आणि स्त्री पाद्रीही तेच घालतात.

एक मात्र लक्षात ठेवा: नुसत्या कॉलरवरून पंथ नक्की ओळखता येत नाही. टॅब कॉलर आता अनेक प्रोटेस्टंटही वापरतात.