मेक्सिको शिकून पोट भरतं का?

पत्र: मी पुण्यात टीवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र. कॉलेज सांभाळून स्पॅनिश बी१ पर्यंत पूर्ण केलं. बाबा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅच बघतात. मेक्सिकोने जानेवारीपासून आयात शुल्क वाढवलं, तेव्हापासून आमच्याकडे जेवताना हाच विषय. मला प्रादेशिक व्यापार करार, त्यातही मेक्सिको, हे धरून पुढे शिकायचं आहे. बाबा म्हणतात, सरळ एमबीए कर, मेक्सिको शिकून पोट भरत नाही. शिवाय एक कोडं सुटत नाही. तिथले डावे मुक्त व्यापाराच्या विरोधात होते ना? आता त्यांचंच सरकार अमेरिकेबरोबरचा करार टिकवायला धडपडतंय आणि आपल्या मालावर शुल्क चढवतंय. हे लोक नक्की कोणत्या बाजूचे?

उत्तर: तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

‘कोणत्या बाजूचे’ असं विचारत राहिलीस तर मेक्सिकोचं राजकारण हाती लागायचं नाही. माणसं बाजू बदलत राहिली. भांडण मात्र तेच राहिलं: दार उघडायचं तर कोणत्या अटीवर, आणि ती अट लिहिणार कोण. लासारो कार्देनास यांनी १८ मार्च १९३८ ला परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. ज्या सत्ताधारी परंपरेत हे घडलं तिचाच पुढचा अवतार म्हणजे पीआरआय पक्ष. त्याने कित्येक दशकं परदेशी मालाला कुंपण घातलं आणि ते काढलंही त्यानेच. १९८२ मध्ये देशाला कर्जाचे हप्ते झेपेनात, १९८६ मध्ये मेक्सिको गॅट या जागतिक व्यापार करारात शिरला. १९९० च्या सुरुवातीला अध्यक्ष कार्लोस सालिनास भांडवल शोधत दावोसला गेले, तर बर्लिनची भिंत नुकतीच पडलेली आणि युरोपचं सगळं लक्ष पूर्वेकडे. मग ते वळले वॉशिंग्टनकडे. १ जानेवारी १९९४ ला नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, लागू झाला, आणि त्याच दिवशी दक्षिणेत चियापासमध्ये सापातिस्ता बंडखोरांनी सान क्रिस्तोबाल ताब्यात घेतलं.

विरोधकांत ठळक नाव होतं क्वाउतेमोक कार्देनास यांचं. लासारो यांचेच चिरंजीव, १९८८ च्या वादग्रस्त निवडणुकीत सालिनास यांच्याविरुद्ध हरलेले. त्यांचं म्हणणं मात्र मुळातून वाच. ‘करार नको’ एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. १९९१ मध्ये त्यांनी पर्यायी आराखडा मांडला: कामगारांचे हक्क, मजुरांची ये-जा, मागास भागांसाठी युरोपच्या धर्तीवर निधी. तेव्हा कुणी ऐकलं नाही. जवळपास तीस वर्षांनी त्यातली कामगारांची अट नाफ्टाच्या जागी आलेल्या नव्या करारात आली खरी, पण ती रेटली अमेरिकेतल्या डेमोक्रॅट खासदारांनी आणि कामगार संघटनांनी.

ती अट कशी चालते ते ग्वानाहुआतो राज्यातल्या सिलाओमध्ये दिसलं. जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये कामगार कराराच्या मतदानात गडबडी झाल्या, तेव्हा अमेरिकेने नव्या कराराच्या जलद तक्रार यंत्रणेतून फेरमतदान घडवून आणलं. पीआरआयशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या जुन्या युनियनचा करार कामगारांनी फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडून आणली. आता सांग, हा सार्वभौमत्वावर घाला की कामगाराचा विजय? मेक्सिकोत दोन्ही म्हणणारे आहेत, आणि दोघेही स्वतःला डावे म्हणवतात.

मक्याचं प्रकरण स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. नाफ्टात मक्याला पंधरा वर्षांची सवलत होती: ठरावीक कोटा शुल्कमुक्त, त्यावरच्या मालाला चढं शुल्क, २००८ मध्ये सगळं शून्य. प्रत्यक्षात कोट्यावरच्या मक्याचं शुल्क मेक्सिकोच्या सरकारने बहुतेक वसूलच केलं नाही. करारात संरक्षण होतं, घरच्यांनीच ते वापरलं नाही. स्वस्त मका हवा असलेले पशुखाद्यवाले आणि कोंबडीवाले राजधानीत वजनदार होते, ओआहाकाच्या डोंगरातला कोरडवाहू शेतकरी नव्हता. पुढे जानेवारी २००७ मध्ये तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पोळीचे, भाव भडकले, लोक रस्त्यावर आले आणि ‘मका नाही तर देश नाही’ ही मोहीम उभी राहिली. पण त्याच देशात सिनालोआचे बागायतदार पांढऱ्या मक्यावर तगून राहिले, आणि १९९७ मध्ये अमेरिकेने अवोकॅडोवरची बंदी सैल केली तेव्हापासून मिचोआकानच्या बागायतदारांचे दिवस पालटले. त्यामुळे ‘मेक्सिकोच्या शेतकऱ्याला कराराबद्दल काय वाटतं’ हा प्रश्नच चुकीचा. कांद्याच्या निर्यातबंदीवर लासलगावचा शेतकरी आणि दादरचं गिऱ्हाईक एका सुरात बोलतात का?

(जाता जाता: मेक्सिकोत मक्यावर संशोधन केलेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलेले पांडुरंग खानखोजे आपल्या वर्ध्याचे. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. मुलाखतीत कुणी ‘तुमचा मेक्सिकोशी काय संबंध’ असं विचारलं तर हे नाव पुढे कर.)

आता तुझे डावे. आंद्रेस मान्वेल लोपेस ओब्रादोर २००६ च्या प्रचारात सांगत होते की २००८ मध्ये मका आणि घेवडा खुला करण्याचं कलम आपण पाळणार नाही. ती निवडणूक ते हरले. २०१८ मध्ये जिंकले तेव्हा ट्रम्प यांनी नाफ्टा मोडण्याचीच धमकी दिलेली. शपथ घेण्याआधीच लोपेस ओब्रादोर यांनी आपला प्रतिनिधी, हेसुस सेआदे, नव्या कराराच्या वाटाघाटींत बसवला. आणि आग्रह धरला तो तेलाचा. नव्या करारातलं आठवं प्रकरण उघडून बघ. अगदी छोटं आहे. जमिनीखालच्या तेल-वायूवर मेक्सिकोची मालकी थेट आणि अहस्तांतरणीय आहे, एवढंच त्याचं सार. १९३८ चा वारसा तिथे लिहून घेतला आणि उरलेला करार मान्य केला. सही झाली ३० नोव्हेंबर २०१८ ला, आधीचे अध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. १ जुलै २०२० ला करार लागू झाला. तिकडे त्याला ‘ते-मेक’ म्हणतात.

याला कोलांटउडी म्हणणारे म्हणोत. ज्या देशाची ऐंशी टक्क्यांहून जास्त निर्यात एकाच शेजाऱ्याकडे जाते, तिथलं कोणतंही सरकार करार मोडायचं धाडस करणार नाही. फार तर त्यातली दोन कलमं आपल्या बाजूने वळवील.

आपल्यावरच्या शुल्काकडेही याच नजरेने बघ. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने चौदाशेहून जास्त प्रकारच्या मालावर वाढ मंजूर केली, १ जानेवारी २०२६ पासून लागू. मोटारगाड्यांवर २० टक्क्यांचे थेट ५० झाले. युरोप आणि जपान सुटले, कारण त्यांच्याशी मेक्सिकोचा करार आहे. भारत, चीन, दक्षिण कोरिया, थायलंड सापडले, कारण आपला नाही. जागतिक व्यापार संघटनेत मेक्सिकोने कबूल केलेली कमाल मर्यादा त्याच्या रोजच्या दरांपेक्षा कितीतरी वर आहे, त्या मधल्या जागेत सरकारला हवं तेव्हा दर वाढवता येतात. ही जागा बंद करणं हाच कराराचा खरा उपयोग. चाकणहून मेक्सिकोला गाड्या पाठवत आलेल्या फोक्सवॅगनचा तिकडे पुएब्लात स्वतःचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टोकांना हा निर्णय वेगवेगळा लागतो. लोपेस ओब्रादोर यांच्याच पक्षाच्या अध्यक्ष क्लाउदिया शेनबॉम यांचं सरकार म्हणतं, हे देशी उद्योगासाठी. मला वाटतं अर्धं कारण ते. उरलेलं अर्धं करारातच आहे: सहा वर्षांनी, म्हणजे १ जुलै २०२६ ला, तिन्ही देशांनी बसून मुदत पुढे वाढवायची की नाही ते ठरवायचं. चिनी माल मेक्सिकोच्या दारातून आत येतो ही अमेरिकेची जुनी तक्रार. ती बैठकीआधी थोडी शमवलेली बरी.

आता पोटाचं. बाबांच्या डिस्पॅचमधला एक भाग घे. समजा तो मेक्सिकोतल्या केरेतारोच्या कारखान्यात जातो, तिथे एका जोडणीत बसतो, जोडणी गाडीत आणि गाडी टेक्सासला. नाफ्टाच्या नियमाने गाडीच्या निव्वळ खर्चापैकी ६२.५ टक्के तिन्ही देशांतलं असलं तर ती शुल्कमुक्त. ते-मेकने ते ७५ केलं. म्हणजे बाहेरच्या सगळ्यांसाठी उरलेली जागा साडेसदतीसवरून पंचविसावर आली, आणि त्या पंचविसात बाबांचा भाग जपान, कोरिया, चीनच्या भागांशी रेटारेटी करतोय. वर आणखी एक अट: गाडीच्या किमतीतला ४० टक्के वाटा तासाला सरासरी १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातचा हवा. मेक्सिकोत एवढी मजुरी कुठली? कामगारांच्या भल्याची भाषा आहे, रोख अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे आहे. शिवाय तो भाग निर्यातीच्या गाडीसाठी तात्पुरता आयात होतोय की मेक्सिकोच्याच बाजारासाठी, यावर शुल्काचा बराच हिशोब बदलतो.

हा हिशोब मांडणाऱ्याला पगार मिळतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के शुल्क लावलं आणि दोन-चार दिवसांत ते-मेकच्या नियमात बसणारा माल वगळला. तोपर्यंत अनेक कंपन्या मूळदेशाचा, म्हणजे माल कुठे बनला याचा, दाखला काढतच नव्हत्या. अमेरिकेचं साधं शुल्कच इतकं कमी की कागदाचा ताप परवडत नसे. मग एकदम सगळ्यांना तो दाखला हवा झाला, आणि नियम माहीत असलेली माणसं कमी पडली. आपल्याकडेही २१ सप्टेंबर २०२० पासून करारातली सवलत मागणाऱ्या आयातदाराला मूळदेशाची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते. न्हावा शेव्याच्या कुठल्याही सीएचएला, म्हणजे कस्टमची कागदपत्रं बघणाऱ्या एजंटला, विचार, ही फाइल कोण बनवतं आणि त्याला सुट्टी कधी मिळते.

म्हणून बाबांचं म्हणणं मी अर्धं मानते. नुसतं ‘मेक्सिकोचं राजकारण’ शिकून वाट प्राध्यापकीकडे जाते, आणि तिथल्या जागांची अवस्था तुला ठाऊक आहे. पण लगेच एमबीएही नको. पदवी अर्थशास्त्राची घे आणि मेक्सिको प्रबंधासाठी राख. गोखले इन्स्टिट्यूट आणि मुंबई विद्यापीठाचं अर्थशास्त्र विभागाचं स्कूल दोन्ही घराजवळ आहेत. आयआयएफटीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरिन ट्रेड) व्यापार आणि वित्त या अंगाने अर्थशास्त्राचं एमए होतं, तुझ्या विषयाला ते सगळ्यात जवळचं. जेएनयू मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन: लॅटिन अमेरिकेचा अभ्यास आणि स्पॅनिश दोन्ही तिथे भक्कम, पण आकडेमोड तुला स्वतःहून शिकावी लागेल. मेक्सिको सिटीच्या कोलेखिओ दे मेक्सिकोचं नाव डोक्यात असेल तर तो विचार एमएनंतर कर. शिकवणं स्पॅनिशमधून असतं.

एमबीए करायचंच तर दोन-तीन वर्षं नोकरी करून. तेव्हा आपण काय शिकायला आलोय ते तरी कळतं. पहिली नोकरी मात्र सल्लागार कंपनीच्या चकचकीत ऑफिसात शोधू नकोस. एखाद्या सीएचएकडे किंवा सुटे भाग निर्यात करणाऱ्या कंपनीच्या कागदपत्र विभागात जा. पगार कमी असेल, फायली खूप असतील.

बी१ वर थांबलीस तर स्पॅनिशचा उपयोग फक्त बायोडेटात. बी२ ची देले परीक्षा दे, ती घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसचं केंद्र दिल्लीत आहे. आणि वर्तमानपत्रांपेक्षा मेक्सिकोचं राजपत्र, ‘दिआरिओ ओफिसिआल’, वाचायची सवय लाव. शुल्कवाढ आधी तिथे छापून येते. इंग्रजी बातमी येईपर्यंत त्यातला कुठला माल कुठल्या ओळीत आहे हे गळून गेलेलं असतं.

प्रवेश सुरू व्हायच्या आत एक काम कर. बाबांकडून एका भागाचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, घे. सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे मेक्सिकोचे वेगळे, ते शोध. डिसेंबरच्या यादीत तो आहे का, जुना दर किती, नवा किती, आणि हाच भाग जपानहून आला असता तर किती लागला असता, हे चार पानांत लिही. दोन पानं मराठीत किंवा इंग्रजीत, दोन स्पॅनिशमध्ये. कंपनीचं नाव आणि किमती गाळ, ती त्यांची खासगी बाब आहे. प्रवेशाच्या मुलाखतीला आणि नंतर नोकरीच्या अर्जाला हे टिपण जोड. लिहिताना कोडापाशी अडलीस तर मला पाठव, पण आधी बाबांच्या कंपनीच्या सीएचएला विचार. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.