मुलगी अठराची झाल्यावर आमचं काय चालणार?

सांगलीत समुपदेशनाचे काम करताना परीक्षा आणि मोबाइल यांच्या तक्रारींनाही मागे टाकणारा एक प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. "मुलगी आता अठराची होईल, मग आमचं काय चालणार?" कोणी तो रडवेल्या आवाजात विचारतो, कोणी दरडावून, पण त्यामागची समजूत एकच असते, की कायद्याने १८ वर्षांपर्यंत मूल आईबापांच्या ताब्यात दिलेले असते आणि त्या वाढदिवशी ते काढून घेतले जाते. ही समजूत नेमकी कुठे चुकते, हे मला स्वतःलाही नीट उमगले ते तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारामुळे. ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत. त्यांच्या मुलीला प्राजक्ता म्हणू.

ऑक्टोबर छाटणीची घाई संपल्यावर ते पत्नी, आई आणि प्राजक्ता यांना घेऊन आले. प्राजक्ता बारावीत होती, वय १७ वर्षे ९ महिने. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या, नुकतीच १८ वर्षे पूर्ण केलेल्या एका मुलाशी ती फोनवर बोलते, हे घरी समजले होते. वडिलांनी त्यावर तोडगाही काढून ठेवला होता. २६ वर्षांचे, स्वतःची बेदाण्याची शेड असलेले स्थळ, देवळात साधेपणाने लग्न, आणि तेही वाढदिवसाच्या आत.

"तीन महिन्यांचा तर फरक, मॅडम. तेवढ्यात पोरगी काय येगळी होणार हाय?" त्यांनी विचारले. आजींनी पुस्ती जोडली, "माझं चौदाव्या वर्षी झालं, काय बिघडलं?"

वडिलांचा प्रश्न खोटा नव्हता, कारण तीन महिन्यांत कोणतीही मुलगी बदलत नसते. पण रेषा कुठे तरी ओढावी लागते आणि आपल्याकडे ती फार सावकाश पुढे सरकली आहे. १८९१ च्या कायद्याने संमतिवय, म्हणजे मुलीने शरीरसंबंधाला संमती देण्याचे किमान वय, १० वरून १२ केले, तेव्हा त्याच्या बाजूने हिरिरीने लिहिणारे आगरकर आपल्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचेच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये मुलीसाठी १८ व मुलासाठी २१. म्हणजे आजींचे लग्नही त्या काळच्या कायद्यात बसत नव्हते. हे मी त्यांना सांगितले नाही. सत्तरीतल्या बाईला ते ऐकवून काय साधणार होते?

वडिलांना मात्र मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले की, लग्नाची तारीख धरली गेली तर गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांना, म्हणजे ग्रामसेवकांना, किंवा १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर मी कळवीन, आणि हे मी त्यांच्यापासून लपवून करणार नाही. ते रागाने उठून गेले. आठवड्याने परत आले, याचे श्रेय मी त्यांच्या पत्नीला देते.

दुसऱ्या भेटीत त्यांची खरी भीती बाहेर आली. १८ पूर्ण होताच मुलगी त्या मुलाशी नोंदणी विवाह करील, असे त्यांना वाटत होते. मुलाचे वय २१ नसल्याने ते शक्य नाही, हे सांगताच त्यांनी खुर्चीला प्रथमच पाठ टेकली. "म्हंजे अजून तीन वर्षं काय घोर न्हाई." तेथेच थांबणे सोपे होते. परंतु अर्धवट धीर देणे मला पटत नाही, म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले तेही सांगितले. मुलाचे लग्नाचे वय झालेले नसले, तरी दोघेही सज्ञान असतील तर त्यांना एकत्र राहण्यापासून रोखता येत नाही. टेकलेली पाठ पुन्हा ताठ झाली.

तिसऱ्या भेटीत मी उपदेश केला नाही. एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि तीन रकाने आखायला सांगितले: कोणती गोष्ट, कोणत्या वयापर्यंत बंद, आणि नियम मोडला तर शिक्षा कोणाला. माझे ठाम मत आहे की माणूस दुसऱ्याने सांगितलेले विसरतो, स्वतःच्या अक्षरात लिहिलेले विसरत नाही. मी सांगत गेले, ते लिहीत गेले.

सुरुवात प्राजक्ताच्या स्कूटरपासून झाली, कारण ती रोज क्लासला तीच घेऊन जात होती. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. तिच्या स्कूटरसाठी १८ पूर्ण हवेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यांनी लिहिले, "मला." पुढे मजुरी. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ या वयात धोक्याची कामे देता येत नाहीत, शिक्षा ठेवणाऱ्याला. शेवटी लग्न. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नवरा सज्ञान असेल तर त्याला, लग्न लावणाऱ्याला, ते होऊ देणाऱ्या आईबापांना. स्त्रीला मात्र या कायद्याखाली कैद होत नाही. शिवाय पत्नी १८ वर्षांखालील असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. त्यांनी "मला, नवऱ्या मुलाला, भटजीला" असे लिहिले आणि पेन खाली ठेवले.

बराच वेळ ते तिसऱ्या रकान्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सगळीकडं मीच हाय की. हिचं नाव कुठंच न्हाई."

इतकी वर्षे हे कायदे मी सांगत आले होते, पण या रकान्याकडे मी कधी सलग पाहिले नव्हते. वयाची अट मुलाला घातलेली आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती मोठ्यांच्या हाताला घातलेली आहे. १८ वर्षांपर्यंत मुलगी बापाच्या मालकीची असते असे कायदा कोठेच म्हणत नाही. तोवर तिच्या बाबतीत मोठ्यांनी काय करू नये, एवढेच तो बजावतो.

तोवर गप्प असलेली प्राजक्ता बोलली. "पप्पा, तुम्ही दिवस मोजायला लागला म्हणून मीपण मोजायला लागले. आधी मला माझा वाढदिवस कधी येतो याचं काही नव्हतं."

त्यानंतर काम सोपे झाले. अविवाहित मुलीला स्वतःचे पोट भरता येत नसेल, तर तिच्या पालनपोषणाची हिंदू बापाची जबाबदारी १८ व्या वाढदिवशी संपत नाही, हे मी सांगितले. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि तो जन्मापासून आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. त्यावर प्राजक्ताच्या आईने हळूच विचारले, "जन्मापासून म्हंजे माझाबी? म्हायेरच्या रानात?" नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिले. तो विषय त्या दिवशी तेथेच राहिला.

प्राजक्ताशी मी एकटीने बोलले. १८ पूर्ण होईपर्यंत तिची संमती कायदा संमती मानत नाही आणि मुलगा सज्ञान असल्यामुळे त्यांच्यात जवळीक झाली तर त्याच्यावर पोक्सोचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा, गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे तिला ठाऊक नव्हते. समजा लग्न लावले गेलेच असते, तर २० वर्षांची होईपर्यंत ते रद्द करून मागण्याचा अधिकार तिला होता, हेही नव्हते. शाळेत हे शिकवायला एक तास पुरेल.

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी आता कागद आधी देते आणि बोलते नंतर. वाढदिवसापूर्वीचे महिने लग्न, पहारा आणि फोन हिसकावून घेणे यांत घालवले, तर त्या दिवशी मुलीला दार तेवढे दिसते. तेच महिने तिचे बँक खाते तिला चालवायला देण्यात, पुढच्या शिक्षणाचा खर्च तिच्यासमोर मांडण्यात आणि घरातल्या एखाद्या निर्णयात तिचे मत खरोखर धरण्यात गेले, तर सज्ञान होणे म्हणजे घर सोडणे असे तिला वाटत नाही. फोनवरच्या त्या मुलाचे काय, असे पालक विचारतातच. त्याचे उत्तर माझ्याकडे नसते, आणि नसावे. ते मुलीकडे असते, आणि तिला विचारले तर ती बहुधा सांगते.

त्या स्थळाला नकार कळवला गेला. बारावीची परीक्षा झाल्यावर वडिलांचा फोन आला. प्राजक्ताला घेऊन ते मतदार नोंदणीचा अर्ज भरायला गेले होते.

"भरला मॅडम अर्ज. पण मत कुणाला देणार ते सांगत न्हाई म्हणती."